चावडीच्या सात पायऱ्या

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, दि. १२ जानेवारी १९९९

आदरणीय आण्णांस,
पुतण्या प्रबुद्ध याचा सविनय जय भीम.

('तीर्थरूप' लिहीत नाही. १९७४ साली साताऱ्याच्या वसतिगृहातून मी तसे लिहिले, तेव्हा "आपल्यात तीर्थं न्हाईत, आदरणीय लिव" असे तुम्ही सीमेवरून उलट टपाली बजावले होते. पुढच्या पंचवीस वर्षांत ती चूक मी पुन्हा केलेली नाही. दुसऱ्या केल्या. हे पत्र त्यांच्याविषयी आहे.)

तुमचा गुडघा थंडीत त्रास देतो का? हरणाकाकूंचा खोकला गेला का? तिकडे औंधच्या माळावर वारा फार, कानाला मफलर बांधूनच बाहेर पडावे. इकडे आम्ही सर्व ठीक. आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने मिरजेला चांगली झाली. आता तिला वर्तमानपत्राचे मथळे दिसतात, भिंतीवरची कोळिष्टके दिसतात आणि माझ्या चेहऱ्यावर काय चालले आहे तेही दिसते. यातली पहिली गोष्ट सोडली तर बाकीच्या दोन्हींमुळे घरातली शांतता गेली आहे.

हे चौथे पत्र. पहिली तीन फाडली. पहिल्यात मी इतका लीन झालो होतो की वाचणाऱ्याला मला धरून उभे करावेसे वाटले असते. दुसऱ्यात सगळा दोष अमेरिकेतल्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर टाकला होता. तिसरे इतके मुद्देसूद झाले की मी गेली सोळा वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तके परत मागण्याच्या नोटिसा लिहितो आहे, त्यातलीच ती एक वाटायला लागली. या चौथ्यात मी फक्त जे घडले ते लिहिणार आहे. शेवटी एक विनंती आहे. ती आधी वाचू नये. पत्र रविवारच्या आत तुमच्या हाती पडावे म्हणून कोपऱ्यावरच्या पेटीत न टाकता मुख्य टपाल कार्यालयात नेऊन देणार आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे ती कंसात जाईल. पंधरा नोव्हेंबरपासून तुम्ही प्रशांतशी बोललेला नाहीत. साताऱ्याला त्या दिवशी जे झाले ते तुमच्या मुलाने केले, असे तुम्ही धरून चालला आहात. ते त्याने केलेले नाही. मी केले. त्याला हे पहिल्या मिनिटापासून माहीत आहे आणि त्याने तुम्हाला सांगितलेले नाही, कारण मी त्याचा थोरला चुलत भाऊ. मीही सांगितले नाही, कारण मी भित्रा आहे. (रोजनिशीत 'योग्य वेळेची वाट पाहत आहे' असे सलग अठ्ठावन्न दिवस लिहिले आहे.)

आता हा विषय निघाला कसा ते सांगतो. मागच्या महिन्यात प्रशांत म्हणाला, "दादा, चावडीची दोन नंबरची आवृत्ती निघतीय. पुस्तिकेत पयलं पान इतिहासाचं पायजे. तू रोज लिवतोस, तुज्याकडं तारखा असत्यात." इतिहास लिहायला सांगितला की मला हुरूप येतो. बसलो आणि लिहायला लागलो. तिसऱ्या परिच्छेदात पंधरा नोव्हेंबर आला आणि लेखणी थांबली. खरे लिहावे तर छापता येत नाही, आणि न लिहावे तर इतिहास कसला? म्हणून जे पुस्तिकेत जाणार नाही ते तुम्हाला लिहितो आहे. कंपनीच्या इतिहासाची ही एकमेव प्रत समजावी.

चावडी म्हणजे नेमके काय हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेच नाही, असे आता मला वाटते. गावात चावडीवर चार माणसे बसतात, एकजण विषय काढतो, बाकीचे उत्तरे देतात, तसेच हे. फक्त माणसे दूरदूरची, आणि बोलायचे ते लिहून. ज्या विषयाला सगळ्यात ताजे उत्तर येते तो विषय आपोआप वर चढतो. (गावातही असेच होते, काल बांधावरून भांडण झाले की परवाचे लग्न खाली जाते.) असले प्रोग्राम परदेशात पुष्कळ आहेत, पण त्यांच्या किमती डॉलरात आणि बोलणे इंग्रजीत. प्रशांत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याने अशाच एका परदेशी चावडीवर काहीतरी शंका विचारली आणि तासाभरात फिनलंडमधल्या कोणा माणसाने, ओळख ना पाळख, त्याला दोन पाने उत्तर लिहिले. पोरगा दोन दिवस त्याच धुंदीत होता. "त्यानं मला आडनाव सुदिक इचारलं न्हाई, दादा," एवढेच म्हणत राहिला. त्याच आठवड्यात त्याला सैन्यातल्या अधिकारीपदाच्या मुलाखतीचे बोलावणे आले होते, हे तुम्ही विसरलेला नाहीत. तो गेला नाही. तुमच्या मनातली पहिली गाठ ती, हे मला ठाऊक आहे.

कंपनी निघाली ती पिठाच्या गिरणीच्या माडीवर, कारण दुसरीकडे जागा मिळेना. संगणकावर रोज पिठाचा थर बसे. सकाळी प्रशांत कळफलक उलटा करून झटकायचा, तर त्यातून ज्वारी पडायची, आणि सणाच्या आधी हरभऱ्याची डाळ. गिरणी सुरू झाली की विजेचा दाब खाली यायचा आणि संगणक बंद पडायचा. म्हणून चावडीची पहिली आवृत्ती दळण नसेल त्या वेळात लिहिली गेली, म्हणजे दुपारी एक ते चार आणि अमावास्येला. 'चावडी'तले काही भाग फार घाईत लिहिल्यासारखे वाटतात, असे एका ग्राहकाने कळवले होते. ते दिवाळीच्या आठवड्यातले आहेत.

नावाचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. तुम्ही माडीवर आला होता, पाटीवर 'चावडी' वाचलेत आणि दारातच थांबलात. "तुजा पणजा चावडीच्या पायरीखाली हुबा ऱ्हायाचा," तुम्ही प्रशांतला म्हणालात. "वर यायची टाप न्हवती. आन तू हे नाव दिलंस? दुसरं सापडंना व्हय?" प्रशांत म्हणाला, "म्हनून तर दिलं, आण्णा. हिला पायरीच न्हाई. जो यील त्यो एकाच वळीत बसनार." तुम्ही चहा घेतलात. मी तुम्हाला एसटीत बसवायला आलो तेव्हा खिडकीतून म्हणालात, "पोरगं बोललं ते खरं हाय." गाडी सुटली. हे वाक्य मी घरी येऊन तारखेनिशी रोजनिशीत लिहिले. प्रशांतला सांगितले नाही. का, याचे उत्तर शोधतो आहे. माझ्याकडे आलेली गोष्ट नोंदवली की माझे काम संपले, असे मला वाटते बहुधा. ग्रंथपालाचा रोग.

पहिले गिऱ्हाईक साताऱ्याचे माजी सैनिक मंडळ. त्यांचे सचिव आप्पासो, पलूसकडचे ऊसवाले, हवालदार म्हणून निवृत्त. त्यांना कल्पना एकदम पटली: पलटणीतले जुने सोबती साताऱ्यात, मुले जबलपूरला नि जम्मूला, सगळ्यांना एका जागी बसवायचे. चावडी तीन फ्लॉप्यांवर असते. त्या मी स्वतः साताऱ्याला नेऊन दिल्या. सोबत चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिका होती, तीही मीच लिहिलेली. (एकवीस पाने 'संगणक सुरू करण्यापूर्वी' या प्रकरणाची. ती जास्त झाली हे मान्य.) आठवड्याने आप्पासोंचा फोन: "मास्तर, तबकड्या चालंनात." जाऊन पाहतो तर तिन्ही फ्लॉप्या लॅमिनेट केलेल्या. सैनिकाच्या घरात डिस्चार्ज बुकापासून नातवाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत मोलाचा प्रत्येक कागद लॅमिनेट होतो, तसा त्यांनी हाही ऐवज गरम यंत्रातून काढून आणला होता, कडा छान गोल कापून. "कायम टिकाव्या म्हनून केलं की," ते म्हणाले. रागवायला मला जागाच मिळाली नाही. मी नव्या तीन नेऊन दिल्या; त्या जुन्या तबकड्या आजही मंडळाच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत.

आणि आता ते. या सगळ्या प्रोग्रामांत एक रीत असते. ज्याने जितका मजकूर लिहिला तितकी त्याच्या नावाखाली आपोआप उपाधी येते: नवा सभासद, जुना सभासद वगैरे. प्रशांतला ती रीतच नको होती. मीच म्हटले, असू दे, लोकांना लिहायला हुरूप येईल. तो म्हणाला, मग मराठी शब्द तूच दे. मी तीन दिवस विचार केला. 'नवखा, रुळलेला, मुरलेला' हे रोजनिशीत खोडलेले सापडते, कारण 'मुरलेला' लोणच्यासारखे वाटले. 'अंकुर, रोप, वृक्ष' शाळेच्या गॅदरिंगचे वाटले. मग मला ते सुचले, आणि सुचले त्या क्षणी मी स्वतःवर खूश झालो, ही माझ्या आयुष्यातली धोक्याची खूण मी अजून ओळखायला शिकलेलो नाही. गिऱ्हाईक सैनिकांचे. सैनिकाला कळतील अशा पायऱ्या कोणत्या? शिपाई. दहा मजकुरांना लान्स नाईक. पन्नासला नाईक. शंभरला हवालदार. अडीचशेला नायब सुभेदार. पाचशेला सुभेदार. हजाराला सुभेदार मेजर. प्रशांतने यादी वाचली, माझ्याकडे बघितले, आणि "दादा, बघ हां," एवढेच म्हणाला. मी बघितले नाही.

पंधरा नोव्हेंबर तुम्हाला मी काय सांगणार? पण लिहितो, कारण तुमच्या बाजूने ते कसे दिसले असेल हे मी दोन महिने पाहतो आहे. मंडळाची खोली, चाळीस माणसे, टेबलावर संगणक, त्याला झेंडूचा हार. प्रोग्राम करणाऱ्याचे वडील आणि सुभेदार, म्हणून पहिला मान तुमचा. तुम्ही ब्लेझर घातला होता, सगळी पदके लावून. नावनोंदणीचा अर्ज मी भरून दिला. परवलीचा शब्द काय ठेवू म्हटल्यावर तुम्ही तुमचा फौजी नंबर सांगितलात, तो आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मग तुम्ही एका बोटाने, अकरा मिनिटे लावून, 'सर्वांस जय हिंद' टंकलेत. कोणी हसले नाही, कोणी घाई केली नाही. बटण दाबलेत. पडद्यावर तुमचे नाव आले. आणि नावाखाली 'शिपाई'.

त्याच्याच खाली साक्षीचे नाव होते. साक्षी म्हणजे आप्पासोंची नात, नववीतली. चाचणी म्हणून आप्पासोंनी तिला पंधरा दिवस चावडीवर बसवले होते. तिने एकटीने कोडी, पाककृती आणि शाळेतल्या बाईंच्या नकला मिळून दोनशे सत्तर मजकूर लिहिले होते. ती नायब सुभेदार होती.

आप्पासोंनी सावरायला जावे आणि म्हणावे, "आवं सुभेदारसाब, भरतीला समदे शिपाईच असत्यात की!" ते मनाने चांगले बोलले. पण अठ्ठावीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला पुन्हा भरती करायचे नसते. तुम्ही उठलात. दारात प्रशांतला म्हणालात, "अठ्ठावीस वर्सं लागली मला तितं पोचाय. तू एका बटनात खाली आनलास. पायरी न्हाई म्हनला हुतास न्हवं?" त्याने मान खाली घातली. आण्णा, मी तेव्हा खिडकीशी पेढ्यांचा पुडा धरून उभा होतो. तोंड उघडले असते तर सगळे संपले असते. मी कोणाला तरी पेढा दिला.

घरी आईला मी सगळे सांगितले. (तेव्हा एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, तरी तिने ओळखले.) ती म्हणाली, "पणज्याला खाली हुबा करनाऱ्या चावडीला किती पायऱ्या हुत्या रं?" मी म्हटले, तीन असतील. "आन तू किती बांदल्यास?" मी म्हटले, सात. ती म्हणाली, "शिकून फायदा झाला म्हनायचा."

दुसऱ्याच दिवशी प्रशांत उपाध्या काढायला बसला. गिरणी बंद असलेल्या एका दुपारी काढूनही टाकल्या. तर मंडळाची तातडीची सभा झाली आणि एकमताने ठराव झाला की पदे पूर्ववत करावीत. आप्पासोंनी फोनवर सांगितले, "मास्तर, काढू नगा. लोकं बढतीसाटीच लिवाय लागल्यात. माजं चार मजकूर कमी पडत्यात हवालदाराला. सरकारनं दिल्यालं पद पुन्ना मिळवतुय गड्या!" ठराव मोडता येईना. आणि ती पदे बघूनच मिरजेच्या डॉक्टरांच्या एका संघटनेने चावडी घेतली. त्यांच्यासाठी शब्द बदलायला प्रशांतला वेळ मिळाला नाही, त्यामुळे तिथे सध्या एक नामांकित शल्यविशारद लान्स नाईक आहेत. तंबोरे करणाऱ्या एका कारागिरानेही घेतली. त्यांच्या चावडीवर ते एकटेच आहेत, दर सोमवारी आणि गुरुवारी 'कोणी आहे का' असे लिहितात, आणि त्यावरच लान्स नाईक झाले आहेत. म्हणजे तुमच्या अपमानावर कंपनी तगली आहे. हे वाक्य इतिहासाच्या पानात कुठे बसवावे ते मला कळेना.

तुम्हाला खरे सांगायचे धाडस होईना, उपाध्या काढता येईनात. मग मी तिसरा मार्ग काढला. तो वाचण्याआधी कृपया बसावे.

चावडी माणूस बघत नाही, आकडा बघते. पाचशे मजकूर झाले की सुभेदार. तुमचा एक झाला होता. मी ठरवले की उरलेले चारशे नव्याण्णव मी लिहायचे, तुमच्या नावाने, आणि तुमचे पद तुम्हाला परत करायचे. नोंदणी मीच केली होती, नंबर मला पाठ होता. (हा गुन्हा आहे का, हे मी ग्रंथालयातल्या कायद्याच्या पुस्तकांत शोधले. सापडले नाही. सापडले असते तर बरे वाटले असते.) बावीस नोव्हेंबरपासून रोज कॉलेज सुटल्यावर गणपती पेठेतल्या एका इंटरनेट केंद्रात बसून, रोज दहा. सुरुवातीला 'सहमत', 'छान', 'जय हिंद', 'तब्येत सांभाळा'. आठवड्याने 'सहमत' लिहायची लाज वाटू लागली. कशाशी सहमत ते न वाचता लिहिणे हे सुभेदाराला शोभत नाही. म्हणून वाचू लागलो. वाचले की उत्तर द्यावेसे वाटू लागले. ते माझ्या भाषेत लिहून कसे चालेल? मग तुमच्या बोलीत लिहू लागलो, रोमन अक्षरांत, कारण केंद्रातल्या संगणकावर मराठी उमटत नाही. बूट कसे चमकवावेत. बाजरीचा खिचडा. बायको रुसली तर आधी पाणी भरून ठेवावे, मग बोलावे. (हे तुमचेच आहे, मला माझ्या लग्नात सांगितलेले.) लोक वाट पाहू लागले. 'आण्णा काय म्हणतात बघू' असे लिहू लागले. प्रशांतला वाटले तुम्ही पेन्शनीच्या निमित्ताने साताऱ्याला जाऊन मंडळाच्या खोलीत बसून लिहिता. आप्पासोंना वाटले तुम्ही सांगलीला लेकाकडे जाऊन लिहिता. कोणी कोणाला विचारले नाही. आपल्या लोकांचा हा स्वभाव माझ्या इतका उपयोगी कधी पडला नव्हता.

परवा, रविवारी, पाचशे पुरे झाले. तुमच्या नावाखाली 'सुभेदार' आले. पुढे एकही लिहिलेला नाही. सेवेत न मिळालेली बढती तुमच्या नावावर मी घेणार नाही, इतपत प्रामाणिकपणा माझ्यात शिल्लक आहे. मला वाटले होते मोठा आनंद होईल. पडद्याकडे बघत बसलो तेव्हा लक्षात आले की तुमचा असा त्यात एकच मजकूर आहे, तीन शब्दांचा, आणि ज्या माणसाला सगळे सुभेदार म्हणून मानतात तो साताऱ्यात नाही, औंधला नाही, कुठेच नाही. शिपाई तरी खरा होता.

असा हा इतिहास. पायऱ्या मी बांधल्या, तुम्हाला खालच्या पायरीवर मी उभे केले, आणि वर चढवले तेही खोटे. प्रशांतने यातले काही केलेले नाही. माझ्यावर रागवा, माझ्याशी बोलू नका, मी ते रास्तच मानीन. वडील गेल्यावर मला कॉलेजात घातलेत तेव्हा "शिकून खरं बोलाय लाग" एवढीच अट घातली होती. तीही मी दोन महिने उशिरा पाळतो आहे.

काकूंना जय भीम. मफलर बांधावा.

तुमचा पुतण्या,
प्रबुद्ध

ता. क. – वर मी लिहिले की मजकूर सगळे बुटांचे आणि खिचड्याचे होते. पत्र पुन्हा वाचताना दिसले की हे पूर्ण खरे नाही. एक तसा नव्हता. जबलपूरहून जोतीराम नावाच्या एका नायब सुभेदाराने (खऱ्या, सेवेतल्या) तुम्हाला विचारले: मुलगा भरतीला नाही म्हणतो, संगणकाचे काहीतरी करतो म्हणतो, घराबाहेर काढू का? तीन दिवस मी उत्तर दिले नाही. विषयाला रोज कोणीतरी 'आण्णांची वाट बघतोय' लिहायचे आणि तो पुन्हा वर चढायचा. शेवटी पाच जानेवारीला लिहिले. ते, देवनागरीत उतरवून, असे:

'जोतीराम, काढू नगंस. माजा बी आसाच निगाला. म्या त्येला चार मानसांत लय बोललो, त्यो गप ऱ्हायला. गप ऱ्हानारं पोरगं खोटं नसतं. आपून अठ्ठावीस वर्सं दुसऱ्यांच्या सरहद्दी राकल्या. त्यानं बसाय जागा बांदली, तितं तू आन मी बोलतुय. मला येवडं बांदाय जमलं न्हाई. ह्ये त्येला तोंडावर सांगाय मला अजून झालं न्हाई. तू तुज्याला सांग.'

ता. क. २ – शनिवारी प्रशांत ग्रंथालयात आला. देवघेवीची वेळ होती, समोर मुलांची रांग. त्याने चार घड्या घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला, "दादा, वाच" म्हणाला आणि शब्दकोशांच्या कपाटामागे जाऊन उभा राहिला. (तिकडे कोणी फिरकत नाही हे त्याला माहीत आहे.) मी रांग संपवून गेलो. विचारले, हे आण्णांचेच कशावरून? म्हणाला, "गप ऱ्हानारं पोरगं खोटं नसतं, हे दुसऱ्या कुनाला सुचंल? मला आण्णांचा आवाज कळतो." अर्धा क्षण मला लेखक म्हणून अभिमान वाटला. तो रोजनिशीत नोंदवला आहे, शरमेसह.

तो रविवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येतो आहे. कागद खिशात असेल. तर विनंती ही: मी लिहिले असे त्याला सांगू नये. पायऱ्यांचे सगळे सांगावे, माझ्या नावाने. एवढे एक सांगू नये. खरे बोलायची तुमचीच अट तुम्हाला मोडायला सांगतो आहे, हे मला कळते. तुम्ही दर शनिवारी औंधच्या फोन बूथमध्ये जाऊन, सांगलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हातात धरून, न लावताच परत येता, हे मला हरणाकाकूंनी सांगितले असे मी लिहिणार नाही. कारण तसे सांगणार नाही असे मी त्यांना वचन दिले आहे.

ता. क. ३ – तो मजकूर तुमच्या नावावर आहे, तेव्हा तो ठेवायचा की नाही हा हक्क तुमचा, माझा नाही. नको वाटला तर साताऱ्याला जाऊन खोडता येईल. स्वतःचा मजकूर खोडायचे बटण सुभेदारापासून वरच्यांनाच दिसते, म्हणजे गेल्या रविवारपासून ते तुम्हालाही दिसते. मात्र एक सांगायला हवे: एक खोडला की चारशे नव्याण्णव उरतात, आणि चावडी तुम्हाला तिथल्या तिथे नायब सुभेदार करते. हे मी मुद्दाम केलेले नाही. (रोजनिशीत तपासून पाहिले. बहुतेक नाही.)